माणसांची पत्रं समोर, यंत्रांची आपापल्या कप्प्यात

ईमेल आवरायला बसाल तेव्हा प्रत्येक मेलला आधी एकच प्रश्न विचारा: हा माणसानं लिहिलाय की यंत्रानं पाठवलाय? विजेचं बिल, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट, कपड्यांच्या दुकानाचा सेल, ‘तुमच्या खात्यात नव्या फोनवरून लॉगिन झालं’ ही सूचना, हे सगळं कुठल्या तरी सर्व्हरवर आपोआप तयार होतं आणि एकाच साच्यातून असंख्य लोकांना जातं. मामेभावानं पाठवलेली घराच्या कागदांची स्कॅन प्रत, खालच्या मजल्यावरच्या काकूंची गळतीची तक्रार, मुलीच्या वर्गशिक्षिकेचं पत्र, हे माणसांनी लिहिलेलं. असे मेल दिवसाला बोटांवर मोजण्याइतके येतात आणि नेमके तेच बाकीच्या ढिगाखाली गाडले जातात. म्हणून इनबॉक्स माणसांसाठी मोकळा ठेवायचा आणि यंत्रांनी पाठवलेल्या मेलची वाटणी यंत्राकडेच सोपवायची. या लेखातलं बाकी सगळं याच एका गोष्टीतून येतं.

बहुतेक जण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतात. एखाद्या रविवारी उत्साहानं ‘बँक’, ‘विमा’, ‘गाडी’, ‘शाळा’, ‘प्रवास’ अशी ढीगभर फोल्डरं उघडतात आणि जुने मेल एकेक करून त्यांत ओढायला लागतात. आठ-पंधरा दिवसांत उत्साह ओसरतो, कारण येणारा प्रत्येक मेल कुठे टाकायचा हे ठरवण्याचं काम कायमचं मागे लागतं. गाडीच्या विम्याचा हप्ता क्रेडिट कार्डानं भरला, तर पावती ‘विमा’त ठेवायची, ‘गाडी’त की ‘बँके’त? आज एक उत्तर सुचतं, सहा महिन्यांनी शोधताना दुसरंच सुचतं.

स्टीव्ह व्हिटेकर आणि आयबीएममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४५ जणांच्या मेलपेट्यांतल्या ८५ हजारांहून जास्त नोंदी तपासल्या. लोक जुना मेल पुन्हा कसा शोधतात हे त्यांना पाहायचं होतं. २०११ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की शोधपेटीत शब्द टाकून मेल शोधायला सरासरी सतरा सेकंद लागत होते आणि फोल्डर उघडत शोधायला अठ्ठावन्नच्या आसपास. बारकाईनं फोल्डरं लावणाऱ्यांना मेल जास्त खात्रीनं सापडत होता, असंही नाही. म्हणजे मेल पुन्हा सापडावा एवढ्यासाठी फोल्डर बनवायची गरज नाही. फोल्डरचा खरा उपयोग दोन कामांसाठी: एका जातीचे मेल नजरेआड ठेवायला आणि सवड मिळेल तेव्हा एका बैठकीत एकत्र वाचायला.

आपल्याकडे घरगुती वापरात जीमेल सर्वांत जास्त दिसतं, म्हणून पुढची कृती जीमेलची देतो. १ एप्रिल २००४ ला ते सुरू झालं तेव्हापासूनच त्यात फोल्डरांऐवजी लेबलं आहेत. फोल्डरमध्ये मेल एकाच जागी राहतो, लेबलं मात्र एका मेलला हवी तितकी लावता येतात. वरची विम्याची पावती ‘विमा’ आणि ‘गाडी’ दोन्हीकडे दिसेल आणि मेल एकच राहील. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: एका लेबलाखालून तो मेल डिलीट केलात तर दुसरीकडूनही जातो. नजरेआड करायचा असेल तर ‘अर्काइव्ह’ वापरा. अर्काइव्ह केलेला मेल इनबॉक्समधून निघतो, पण ‘ऑल मेल’मध्ये आणि आपल्या लेबलांखाली सुखरूप असतो.

आता फिल्टर. आलेल्या मेलचं काय करायचं याचा आपण एकदा लिहून ठेवलेला नियम म्हणजे फिल्टर. तो चांगला बांधायचा तर टपाल खात्याकडून शिकावं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी होते, संस्कृतात नाटकं आणि कविता लिहिणारे. एकाच नावाची अनेक गावं, न लागणारं अक्षर, डझनभर लिप्या, या गोंधळावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. ४११ दिसलं की पत्र पुण्याच्या बाजूला पडतं, आत काय लिहिलंय ते उघडून बघावं लागत नाही. फिल्टरही पाकिटावर जितका विसंबेल तितका बिनचूक चालतो. पाठवणाऱ्याचा पत्ता, ज्या पत्त्यावर मेल आला तो पत्ता आणि विषयाची ओळ, एवढ्यावर भागत असेल तर मजकुरातले शब्द धरायला जाऊ नये. ‘बिल’ हा शब्द मजकुरात कुठेही आला तर ‘बिलं’ लेबल लाव, असा नियम केलात तर ‘काल हॉटेलचं बिल मी दिलं’ असं लिहिणारा मित्रही वीजबिलांच्या शेजारी जाऊन पडेल.

विजेच्या बिलापासूनच सुरुवात करू. छापील कागदाऐवजी ईमेलवर बिल घेणाऱ्यांना महावितरण ‘गो-ग्रीन’ योजनेत सवलत देतं, त्यामुळे हा मेल पुष्कळ घरांत येतो. संगणकावर जीमेल उघडा. फोनच्या अॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, पण एकदा संगणकावर बनवला की तो गूगलच्या सर्व्हरवर चालतो आणि फोनवरही त्याचा परिणाम दिसतो. बिलाचा एखादा जुना मेल उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ‘फिल्टर मेसेजेस लाइक धिस’ निवडा. एक छोटा अर्ज उघडेल आणि त्यात ‘फ्रॉम’पुढे पाठवणाऱ्याचा पत्ता आधीच भरलेला असेल. लगेच ‘क्रिएट फिल्टर’ दाबू नका. आधी ‘सर्च’ दाबून या नियमात कोणकोणते मेल सापडतात ते बघा. सगळी बिलं आली आणि बिलाव्यतिरिक्त काही आलं नाही, तर नियम बरोबर आहे. मग अर्ज पुन्हा उघडून ‘क्रिएट फिल्टर’ दाबा.

पुढच्या पडद्यावर जीमेल विचारतं, अशा मेलचं काय करू? इनबॉक्स टाळून थेट आत ठेवू, वाचलेला म्हणून खूण करू, तारा लावू, लेबल लावू, दुसऱ्या पत्त्यावर पाठवू, डिलीट करू, कधीच स्पॅममध्ये टाकू नको? बिलासाठी ‘अप्लाय द लेबल’ निवडून ‘घर’ असं लेबल द्या आणि ‘स्टार इट’वरही खूण करा. ‘स्किप द इनबॉक्स’ मात्र सोडून द्या, कारण बिलाला मुदत असते. सर्वांत खाली ‘ऑल्सो अप्लाय फिल्टर टु मॅचिंग कन्व्हर्सेशन्स’ अशी ओळ आहे. तिच्यावर खूण केली की आजवरची सगळी बिलं त्या लेबलाखाली गोळा होतात. रविवारभर मेल ओढत बसण्याचं काम एवढ्यात संपतं.

या उदाहरणातून यंत्रांच्या मेलमध्ये दुसरा भेद करावा लागतो हे दिसलं असेल. काही मेलना मुदत असते, बाकीच्यांना नसते. सेल, साप्ताहिक वार्तापत्रं, ‘तुमच्या मित्रानं फोटो टाकला’ अशा सूचना, पोचपावत्या, म्युच्युअल फंडाची महिन्याची स्टेटमेंटं, यांना मुदत नाही. हे सगळे बिनधास्त इनबॉक्स टाळून लेबलाखाली जाऊ द्या. ज्यांना मुदत आहे ते इनबॉक्समध्येच यावेत, आणि तारा लावून यावेत. आयकर खात्याचा मेल याचं ठळक उदाहरण. रिटर्न भरल्यावर ते ई-व्हेरिफाय करायला तीस दिवस असतात. रिटर्न सदोष ठरलं तर दुरुस्तीसाठी साधारण पंधरा दिवस मिळतात, आणि हे सगळं ईमेलनं कळवलं जातं. म्हणून आयकर खात्याच्या पत्त्यासाठी आजच एक फिल्टर करा: तारा लाव, ‘कर’ लेबल लाव, स्पॅममध्ये कधीही टाकू नको. एक सावधगिरी मात्र त्याच वेळी मनाशी पक्की करा. मेलमधल्या दुव्यावर बोट न ठेवता खात्याचं पोर्टल स्वतः उघडूनच उत्तर द्यायचं. ‘स्पॅममध्ये टाकू नको’ असं आपण सांगितलं की त्या पत्त्याची नक्कल करून आलेल्या मेललाही आपण दार उघडून दिलेलं असतं.

बँकेच्या मेलकडे जरा जवळून बघावं लागतं, कारण चुकलेला फिल्टर इथे महागात पडतो. पुष्कळ जण बँकेच्या पत्त्यावरून येणारं सगळं एका झटक्यात इनबॉक्सबाहेर काढतात. कर्जाच्या ऑफर, कार्डावरच्या सवलती, सणाच्या शुभेच्छा यांचा वैताग असतो हे खरं, पण त्याच बँकेकडून ‘आपल्या खात्यातून अमुक रक्कम वजा झाली’ हा मेलही येतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, परस्पर झालेल्या ऑनलाइन व्यवहारात ग्राहकाचाही दोष नसेल आणि बँकेचाही नसेल, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भुर्दंड सोसावा लागतो. दिवस मोजले जातात ते सूचना मिळाल्यापासून, आणि ही सूचना तुमच्या फिल्टरनं न वाचताच लेबलाखाली सरकवली असेल तरी घड्याळ चालूच राहतं.

म्हणून बँकेसाठी एक फिल्टर पुरत नाही, तीन लागतात. आधी बँकेचे गेल्या महिन्याचे मेल समोर घेऊन त्यांचे पत्ते नीट वाचा. बहुतेक बँका व्यवहाराच्या सूचना, स्टेटमेंटं आणि जाहिराती वेगवेगळ्या पत्त्यांवरून पाठवतात. जाहिरातींचा पत्ता सापडला की पहिला फिल्टर: इनबॉक्स टाळ, वाचलेला म्हणून खूण कर. स्टेटमेंटांचा दुसरा: ‘बँक’ लेबल लाव, इनबॉक्स टाळ. व्यवहाराच्या सूचनांचा तिसरा: ‘बँक’ लेबल लाव आणि ‘महत्त्वाचा’ अशी खूण कर, बस्स. एखादी बँक सगळं एकाच पत्त्यावरून पाठवत असेल तर विषयाच्या ओळीवर भेद करा. ‘सब्जेक्ट’च्या रकान्यात ‘स्टेटमेंट’ हा शब्द जसा इंग्रजीत येतो तसाच घाला.

इथे दोन खाचखळगे आहेत. ‘फ्रॉम’च्या रकान्यात नुसतं बँकेचं नाव लिहू नका. जीमेल त्या रकान्यातला शब्द पत्त्यात शोधतं तसंच पाठवणाऱ्याच्या दर्शनी नावातही शोधतं, आणि दर्शनी नाव भामट्याला हवं ते लावता येतं. तुमच्याच फिल्टरनं त्याच्या मेलवर ‘बँक’ हे लेबल चिकटवलं, की तो खरा वाटण्याची शक्यता वाढते. तेव्हा @ नंतरचा पूर्ण पत्ता लिहायचा. दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. बँकांनी आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या खास पत्त्यावर ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत न्यावीत असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं. तुमच्या बँकेनं त्याबरोबर ईमेलचा पत्ताही बदलला असेल तर जुना फिल्टर आता रिकामा बसला आहे. ‘बँक’ लेबलाखाली शेवटचा मेल कोणत्या तारखेचा आहे ते एकदा बघा. बऱ्याच दिवसांत नवा आलेला नसेल तर पत्ता दुरुस्त करायची वेळ झाली.

मराठीत विषय लिहिले जातात तिथे आणखी एक अडचण येते. जीमेल सर्वसाधारणपणे पूर्ण शब्द जुळवून बघतं, शब्दाचा तुकडा धरत नाही. फिल्टरमध्ये ‘सभा’ लिहिलंत आणि मेलच्या विषयात ‘सभेची सूचना’ असेल, तर तो मेल सापडेल यावर विसंबू नका. आपल्या भाषेत नाम प्रत्यय लागताना रूप बदलतं, त्यामुळे हे नेहमी होतं. अशा वेळी ‘सभा’, ‘सभेची’, ‘सभेचे’, ‘सभेला’ ही सगळी रूपं लिहून त्यांच्यामध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ हा शब्द घालावा. साहित्य संस्था, वाचनालयं, महिला मंडळं यांच्या मेलपेट्यांत ही दुरुस्ती केल्याबरोबर फरक दिसतो.

लेबलं किती असावीत? माझं मत स्पष्ट आहे: घरगुती मेलपेटीला पाच-सहा पुरतात. घर, बँक, कर, आरोग्य, वाचायचं, आणि लागलं तर मुलांच्या शाळेचं एक. त्यात ‘कर’ या लेबलाखाली दर आर्थिक वर्षाचं पोटलेबल करावं, ‘२०२५-२६’ असं. व्याजाचं प्रमाणपत्र, विम्याच्या हप्त्याच्या पावत्या, देणगीची पावती, गृहकर्जाचा वार्षिक हिशेब, हे वर्षभर तिथे गोळा होत गेलं की जुलैत सीएकडे जाताना शोधाशोध करावी लागत नाही. फक्त दर एप्रिलमध्ये फिल्टरमधलं वर्ष बदलायची आठवण कॅलेंडरात टाकून ठेवा. ‘वाचायचं’ हे लेबल वार्तापत्रांसाठी. लेबलाच्या नावाशेजारच्या ठिपक्यांत ‘शो इफ अनरेड’ हा पर्याय असतो. तो निवडला की न वाचलेलं काही असेल तेव्हाच ते लेबल डाव्या पट्टीत दिसतं.

जी वार्तापत्रं तुम्ही वाचतच नाही त्यांच्यासाठी फिल्टर करू नका, ती बंद करा. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांनी एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी आणि दोन दिवसांत ती विनंती अमलात आणावी, असा नियम गूगल आणि याहूनं फेब्रुवारी २०२४ पासून आणला. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः जे ‘अनसबस्क्राइब’ दाखवतं तेच वापरा. अनोळखी मेलच्या मजकुरात तळाशी असलेल्या दुव्याला हात लावू नये, तिथे ‘रिपोर्ट स्पॅम’ बरं.

आता खुणांकडे वळू. तारा लावणं इतकं सोपं आहे की लोक आवडलेला, महत्त्वाचा वाटलेला, पुन्हा बघावासा वाटलेला असा प्रत्येक मेल तारांकित करून ठेवतात, आणि वर्षभरात तारांकित मेलचा दुसरा ढीग तयार होतो. ताऱ्याला एकच अर्थ द्या: इथे माझ्याकडून काहीतरी व्हायचं आहे. बिल भरायचंय, उत्तर द्यायचंय, फॉर्म पाठवायचाय. काम झालं की तारा त्याच क्षणी काढायचा. दुसरी खूण लागते ती चेंडू समोरच्याच्या कोर्टात असतो तेव्हा. विमा कंपनीला कागद पाठवले, उत्तर यायचंय. शाळेला दाखला मागितला, मिळायचाय. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ताऱ्यांचे बारा प्रकार आहेत, त्यांतलं जांभळं प्रश्नचिन्ह ओढून वापरात आणा आणि ते ‘वाट बघतोय’ यासाठी राखून ठेवा. आठवड्यातून एकदा शोधपेटीत ‘हॅज’, मग कोलन, मग ‘पर्पल-क्वेश्चन’ असं इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप केलं की कोणाकोणाकडे पाठपुरावा करायचाय ते समोर येतं. फोनच्या अॅपमध्ये मात्र सगळे तारे एकाच रूपात दिसतात, तेव्हा ही तपासणी संगणकावरच करा. ज्या कामाची वेळच अजून आलेली नाही त्याला तारा नको, ‘स्नूझ’ द्या. पुढच्या महिन्याच्या प्रवासाचं तिकीट प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी आपणहून इनबॉक्सच्या माथ्यावर येईल.

हे सगळं एकत्र कामाला कसं येतं ते गृहनिर्माण सोसायटीच्या मेलपेटीत चांगलं दिसतं. सेक्रेटरी बदलतात, पासवर्ड हातोहात जातो, आणि तीन वर्षांपूर्वीची लिफ्टच्या कंत्राटाची पत्रं कोणालाच सापडत नाहीत. जीमेलची एक सोय इथे फार उपयोगी पडते. आपल्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचिन्ह आणि एखादा शब्द घातला तरी मेल आपल्याच पेटीत येतो. सोसायटीचा पत्ता आहे तोच ठेवायचा. सूचना फलकावर तक्रारींसाठी त्याच पत्त्यात ‘+तक्रार’ आणि ना-हरकत प्रमाणपत्रासाठी ‘+एनओसी’ जोडून, अर्थात इंग्रजी अक्षरांत, दोन पत्ते लावायचे. नवं खातं उघडावं लागत नाही. फिल्टरच्या ‘टु’ या रकान्यात तो पूर्ण पत्ता टाका: तक्रारीला ‘तक्रार’ लेबल आणि तारा, एनओसीला ‘एनओसी’ लेबल. सभासदानं विषयाच्या ओळीत काहीही लिहिलं, मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं किंवा ओळ कोरीच सोडली, तरी वाटणी चुकत नाही.

पोचही आपोआप देता येते. सेटिंग्जमध्ये ‘अॅडव्हान्स्ड’खाली ‘टेम्प्लेट्स’ चालू करा, नवा मेल लिहायला घेऊन पोचपत्राचा मजकूर टेम्प्लेट म्हणून जपून ठेवा आणि फिल्टरमध्ये ‘सेंड टेम्प्लेट’ निवडा. मजकूर प्रामाणिक असावा: तक्रार मिळाली, अमुक दिवशी कमिटीपुढे ठेवू, पाणी किंवा लिफ्टसारखी तातडीची बाब असेल तर कार्यालयात फोन करा. फ्लॅटनुसार लेबलं करण्याच्या फंदात पडू नका, फ्लॅट क्रमांक शोधपेटीत टाकला की त्या फ्लॅटचे मेल येतात. त्याऐवजी ‘कमिटीपुढे’ हे एक लेबल हातानं लावत जा आणि मासिक बैठकीत ते उघडून एकेक मेल निकाली काढा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्या वेळी वर्षभराच्या तक्रारींचा हिशेब या लेबलातून सहज मांडता येतो. कमिटी बदलली तरी फिल्टर खात्यातच राहतात. नव्या सेक्रेटरींनी फक्त पासवर्ड आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर त्याच दिवशी बदलावा.

परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या मुलांसाठीही फिल्टर मोठा आधार आहे. आई-बाबा साताऱ्यात, मुलगी टोरांटोत, आणि बिलं भरते ती मुलगी, असं आता कितीतरी घरांत आहे. बाबांचे सगळे मेल तिच्याकडे वळवणं बरं नाही, त्यांची पत्रं त्यांचीच. त्यांच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’खाली मुलीचा पत्ता जोडा. तिला एक कोड जाईल, तो टाकून पत्ता पक्का करा. मग वीजबिल, मालमत्ता कराचं बिल आणि आरोग्य विम्याचं नूतनीकरण एवढ्याच मेलच्या फिल्टरमध्ये ‘फॉरवर्ड इट टु’ निवडा. फॉरवर्ड फक्त यापुढे येणारे मेल होतात, जुने होत नाहीत. आणि ओटीपी येणारा पत्ता या यादीत चुकूनही येऊ देऊ नका.

जुन्या ढिगाचं काय, असा प्रश्न उरतो. तो लावत बसू नका. गूगल फुकट देतं ती १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवे मेल येणं थांबतं, म्हणून जागा अडवणारे मेल तेवढे काढायचे. शोधपेटीत ‘लार्जर’, कोलन, ‘१०एम’ असं इंग्रजीत टाका, दहा एमबीहून मोठे मेल येतील. कामाची जोडपत्रं उतरवून घ्या, बाकीची डिलीट करा. मग ‘कॅटेगरी’, कोलन, ‘प्रमोशन्स’ आणि त्यापुढे ‘ओल्डर-दॅन’, कोलन, ‘१वाय’ (यात ‘ओल्डर’ आणि ‘दॅन’ खालच्या रेघेनं जोडायचे) असं टाकलं की वर्षापेक्षा जुन्या जाहिराती दिसतील. वरच्या चौकटीवर खूण करून ‘या शोधातले सर्व निवडा’ अशा अर्थाची ओळ दाबा आणि डिलीट करा. डिलीट केलेलं तीस दिवस कचरापेटीत राहतं, तेवढ्यात चूक लक्षात आली तर परत आणता येतं. उरलेलं सगळं एकदम अर्काइव्ह करून नव्या दिवसापासून सुरुवात करा. अर्काइव्हमधून शोधून काढायला शोधपेटी आहेच.

ऑफिसात आउटलुक असेल तर फिल्टरला तिथे ‘रूल’ म्हणतात. जीमेलमध्ये एकाच मेलला लागू होणारे सगळे फिल्टर चालतात, आउटलुकमध्ये रूल वरून खाली क्रमानं चालतात, आणि ‘स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स’ अशी खूण असेल तिथे थांबतात. रूल काम करत नाही असं वाटलं तर आधी क्रम बघा. काही रूल फक्त संगणकावर आउटलुक उघडं असतानाच चालतात, तेही ध्यानात असू द्या. आउटलुकच्या झेंड्याला मात्र मी ताऱ्यापेक्षा वरचढ मानतो, कारण त्याला तारीख आणि आठवण जोडता येते. थंडरबर्ड वापरणाऱ्यांचे फिल्टर त्यांच्या संगणकावर चालतात. लॅपटॉप बंद असेल तोवर फोनवर सगळे मेल न वाटलेलेच दिसतील, म्हणून वाटणीचे नियम शक्यतो मेलसेवेच्या सर्व्हरवरच करावेत.

बांधून झाल्यावर पहिले काही आठवडे प्रत्येक लेबलाखाली अधूनमधून डोकावत जा. एखादा फिल्टर जास्तीचं गिळतो आहे का, हे तेव्हाच कळतं. सेटिंग्जमधल्या ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अॅड्रेसेस’ या पानावर तुमचे सगळे नियम एका यादीत दिसतात, तिथूनच ते ‘एक्स्पोर्ट’ करून फाइल जपून ठेवता येते आणि दुसऱ्या खात्यात आणता येते.

तेच पान आणखी एका कारणासाठी दर दोन-तीन महिन्यांनी उघडावं. मेलखात्यात घुसलेला चोर पुष्कळदा तिथे स्वतःचा एक फिल्टर करून ठेवतो: बँकेकडून येणारा मेल डिलीट कर, किंवा ‘पासवर्ड’ हा शब्द असलेला मेल माझ्या पत्त्यावर पाठव. आपण पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर चालूच राहतो आणि आपल्याला काहीच कळत नाही. यादीत तुम्ही न केलेला नियम दिसला, किंवा ‘फॉरवर्डिंग’च्या पानावर अनोळखी पत्ता दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो काढून टाका. मग पासवर्ड बदला, गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून बाकी सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन बंद करा, खातं परत मिळवण्यासाठीचा फोन आणि ईमेल आपलाच आहे ना ते बघा, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात कळवा.